नवव्या रकान्यातला टॅग

कामासाठी मी सगळ्यात जास्त वेळा जी फाईल उघडते तिला नऊ रकाने आहेत. पहिल्यात गुणसूत्राचं नाव. दुसऱ्यात ही ओळ कुणाकडून आली ते. तिसऱ्यात ती कशाबद्दल आहे: जनुक, ट्रान्सक्रिप्ट, एक्सॉन, सीडीएस. चौथ्या-पाचव्यात कुठून कुठपर्यंत. सहावा बहुतेक वेळा रिकामाच, एक टिंब देऊन सोडलेला. सातव्यात दिशा, आठव्यात फ्रेम, आणि नवव्यात उरलेला सगळा संसार अर्धविरामांनी बांधून कोंबलेला. हिला जीटीएफ म्हणतात. माणसाच्या जीनोमची अशी फाईल लाखो ओळींची असते आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणीच वाचत नाही. ग्रेप मारायचा, हवं ते जनुक काढायचं, बंद करायची.

पण हा मजकूर आहे. त्याला संपादक आहेत, संपादकांचे मतभेद आहेत, आवृत्त्या आहेत, दुरुस्त्या आहेत. कवितासंग्रहाची समीक्षा होते, शब्दकोशाची होते, तर हिची व्हायला काय हरकत आहे? त्यातही गेल्या काही वर्षांत नवव्या रकान्यातल्या एका टॅगला इतकं वजन आलंय की त्यावरून हॉस्पिटलात निर्णय होतात. टॅगचं नाव मेन सिलेक्ट. मला तो आवडतो आणि त्याच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. ती सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

मोडीतलं जुनं पत्र कधी पाहिलंय? आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं. जीनोम असाच लिहिलेला आहे. ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं, तीन अब्जांच्या आसपास. त्यात प्रथिनं बनवायची सूचना असलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी, आणि तोसुद्धा तुकड्यांमध्ये विखुरलेला. हे तुकडे म्हणजे एक्सॉन. जनुकाची नक्कल काढल्यावर पेशी मधला मजकूर कापून टाकते, एक्सॉन जोडते आणि एक प्रत तयार करते, ती ट्रान्सक्रिप्ट. एकाच जनुकातून वेगवेगळ्या प्रकारे कापून-जोडून वेगवेगळ्या प्रती निघतात, मेंदूत एक जास्त निघते तर स्नायूत दुसरी. प्रत्येक प्रतीत प्रथिन जिथे सुरू होतं तिथपासून जिथे थांबतं तिथपर्यंतचा भाग म्हणजे सीडीएस. त्याच्या आधी आणि नंतर थोडा मजकूर असतो, ज्याचं प्रथिन होत नाही. ॲनोटेशन म्हणजे या सगळ्या खुणा करणं. शब्द तोडणं.

माणसाच्या जीनोमवर हे काम मुख्यतः दोन घरी चालतं. एक अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेथेस्डाला, एनसीबीआय या सरकारी संस्थेत. त्यांचा संग्रह रेफसेक. दुसरं इंग्लंडमध्ये, केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावी, ईएमबीएल-ईबीआयमध्ये; तिथून एन्सेम्बल आणि जेनकोड येतात. दोन्हीकडे सॉफ्टवेअर खर्डा काढतं आणि माणसं बसून तो तपासतात. वाचायची पद्धत मात्र वेगळी. रेफसेकची ट्रान्सक्रिप्ट हा स्वतंत्र दस्तऐवज असतो. ती पेशींमधून मिळालेल्या प्रतींवर उभी असते आणि संदर्भ म्हणून धरलेल्या जीनोमपेक्षा एखाद्या अक्षराने वेगळी असू शकते. एन्सेम्बल म्हणतं, जीनोम हाच पाया. लिहायचं ते त्याच्यावर, त्याच्याच अक्षरांत. दोन्ही भूमिका समंजस आहेत. पण दोन समंजस माणसं एकाच जनुकावर लिहायला बसली की एकाची प्रत दुसऱ्याच्या पुढे काही अक्षरं जाऊन संपते. कुठे एक जण प्रथिनाची सुरुवात पहिल्या शक्य जागी धरतो आणि दुसरा म्हणतो, नाही, खरी सुरुवात पुढची.

मुळात जनुकं किती, इथूनच मतभेद. २००० साली कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत इवन बर्नी या एन्सेम्बलच्या शास्त्रज्ञाने पैज लावली: माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं किती? एक डॉलर भरा, आकडा लिहा. आकडे दीड लाखाच्या वर गेले. २००३ साली निकाल लागला तेव्हा सिएटलच्या ली रोवेन यांचा २५,९४७ हा आकडा सर्वांत जवळचा निघाला, आणि तोसुद्धा जास्तच होता. आज उत्तर वीस हजाराच्या जरा खाली येऊन थांबलंय. थांबलंय म्हणजे घुटमळतंय. २०१८ मध्ये स्पेनमधल्या एका गटाने तीन मोठे डेटाबेस शेजारी ठेवले. तिघांत मिळून प्रथिनं बनवणारी म्हणून नोंदलेली जनुकं २२,२१०. त्यातली २,७६४ अशी, की कुणीतरी त्यांना प्रथिन बनवणारं म्हणतंय आणि कुणीतरी नाही म्हणतंय. आठातलं एक.

हा विद्वानांचा आपसातला वाद म्हणून सोडून देता आला असता. पण २०१४ मध्ये एक अभ्यास आला. २७६ लोकांच्या जीनोममधले सुमारे आठ कोटी बदल घेतले, एकच सॉफ्टवेअर वापरलं, फक्त एकदा रेफसेकच्या खुणा दिल्या आणि एकदा एन्सेम्बलच्या. जनुक निकामी करतील असे वाटणारे बदल कुठले, यावर दोन्ही उत्तरं फक्त ४४ टक्के वेळा जुळली. माणूस तोच, बदल तोच, प्रोग्रॅम तोच. बदलली फक्त नऊ रकान्यांची फाईल.

(मोजायला कुठून सुरुवात करायची हे तर मी धरतच नाहीये. जीटीएफमध्ये पहिलं अक्षर एक नंबरचं. सँटा क्रूझच्या जीनोम ब्राउझरमधून आलेल्या बेड फॉरमॅटमध्ये ते शून्य नंबरचं. माझ्या पिढीतल्या कितीतरी इंजिनिअरांच्या शुक्रवार संध्याकाळी या एका फरकात गेल्या आहेत.)

*

आता घरची गोष्ट, कारण हे प्रकरण माझ्यासाठी तिथेच खरं झालं.

दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीचा रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि त्या वेळी तिची बीआरसीए१ या जनुकाची तपासणी झाली होती. त्या जुन्या कागदावर लिहिलं होतं, १८५डेलएजी. मुलीच्या नव्या कागदावर होतं, सी.६८_६९डेल. दोन्हीखाली 'रोगकारक'. मामाने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि निकाल दिला. "ताईचा एकशे पंच्याऐंशी, हिचा अडुसष्ट. म्हणजे हिला हे आपल्याकडून आलेलंच नाही, बापाकडून आलंय. मग माझ्या मुलींना उगाच सुया कशाला टोचायच्या?"

मामाचा तर्क बरोबर होता. दोन्ही कागदही बरोबर होते. तरी उत्तर चूक होतं, कारण हा बदल एकच आहे.

मी कागदावर मांडून दाखवलं. जुन्या पद्धतीत बीआरसीए१ ची अक्षरं मोजताना १९९४ च्या सुमारास नोंदलेल्या एका प्रतीच्या पहिल्या अक्षरापासून मोजायचे. त्या प्रतीत प्रथिनाची सुरुवात १२० व्या अक्षराला होते. नव्या पद्धतीत प्रथिनाच्या पहिल्या अक्षराला एक म्हणायचं. तेव्हा १८५ वजा ११९, आले ६६. मग ६८ कुठून? तिथे मजकूर आहे एजीएजी. त्यातलं पहिलं एजी गेलं काय किंवा दुसरं गेलं काय, उरतं ते सारखंच. नियम असा की अशा वेळी शक्य तितकं उजवीकडचं गेलं असं लिहायचं. म्हणून ६८ आणि ६९. अश्केनाझी ज्यू लोकांमध्ये हा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला म्हणून प्रसिद्ध आहे, पण दक्षिण भारतातल्या अभ्यासांतही तो सापडलाय.

मामा बँकेतून निवृत्त झालाय. तो म्हणाला, "आमच्याकडे एका खात्याला दोन नंबर असते ना, तर ऑडिटमध्ये धिंडवडे निघाले असते." पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलमधल्या जेनेटिक काउन्सेलरने मी सांगितलं तेच दोन मिनिटांत सांगितलं आणि मामाने ते लगेच ऐकलं. असो. मुलींच्या तपासण्या झाल्या. मावशी म्हणजे आईची बहीण, तेव्हा यादीत आई होती आणि आईच्या मागे मी. ते निकाल घरात आहेत आणि घरातच राहतील.

बीआरसीए१ चा इतिहास असल्या गोष्टींनी भरलेला आहे. १९९४ मध्ये जनुक सापडलं तेव्हा चौथा म्हणून मोजलेला एक्सॉन नंतर चूक निघाला. तो काढला, पण पुढच्यांचे क्रमांक बदलले नाहीत. त्यामुळे जुन्या पद्धतीत तिसऱ्यानंतर थेट पाचवा येतो, आणि ज्याला सगळे डॉक्टर अकरावा म्हणतात तो ओळीने मोजला तर दहावा भरतो. चाळीतल्या तेरा नंबरच्या खोलीसारखं: खोली नाही, पण चौदा चौदाच.

*

या गोंधळावर पहिला गंभीर उपाय २००५ मध्ये सुरू झाला. त्याचं नाव सीसीडीएस, म्हणजे सर्वांना मान्य सीडीएस. एनसीबीआय, ईबीआय, सँगर इन्स्टिट्यूट आणि सँटा क्रूझचे लोक एकत्र आले. नियम साधा ठेवला. माणसाच्या किंवा उंदराच्या जीनोमवर दोन्ही घरांनी स्वतंत्रपणे खुणा करायच्या. प्रथिनाची सुरुवात, शेवट आणि मधले सगळे जोड अक्षराला अक्षर जुळले, तरच त्या सीडीएसला क्रमांक द्यायचा. क्रमांकाला आवृत्ती. एकदा दिला की एकट्याने कुणी बदलायचा नाही. सगळे सहमत झाले तरच बदल.

सॉफ्टवेअरच्या नजरेतून हा अत्यंत देखणा करार आहे. कुणाची पद्धत बरोबर यावर भांडायचंच नाही. दोघांच्या उत्तरांचा छेद घ्यायचा आणि त्याला कुलूप लावायचं. मला त्याहून आवडतो तो या प्रकल्पाचा एक कोपरा, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. काही क्रमांकांच्या पानावर खाली एक सार्वजनिक टीप असते. चार-पाच वाक्यांची. अमुक जागेची सुरुवात सोडून तमुक धरली, कारण ती इतर प्राण्यांमध्येही टिकून आहे. किंवा, वरची सुरुवातही शक्य आहे, पण आजूबाजूची अक्षरं पाहता पेशी ती सोडून पुढे जात असावी. किंवा, हे प्रथिन प्रयोगात दिसलंय ते या लांबीचं. कोरडी, बिनचेहऱ्याची इंग्रजी. पण एक माणूस विचार करताना दिसतो, आणि त्याला शंका कुठे आहे तेही दिसतं. मी या टिपा रात्री झोपण्याआधी वाचलेल्या आहेत. यावर हसायला परवानगी आहे.

सीसीडीएसची मर्यादा नावातच आहे. सीडीएसपुरतीच सहमती. प्रथिनाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर प्रत्येकाचा वेगळा राहिला. शिवाय एका जनुकाला पाच सीसीडीएस असू शकतात. त्यातला कुठला रिपोर्टवर लिहायचा हे सांगायची जबाबदारी त्यांनी घेतली नाही. ती पुढे मेनने घेतली.

मेन म्हणजे दोन्ही घरांचं जुळलेलं ॲनोटेशन. २०१८ मध्ये सुरुवात, २०२२ मध्ये नेचरमध्ये निबंध. प्रथिनं बनवणाऱ्या प्रत्येक जनुकाची एकच ट्रान्सक्रिप्ट निवडायची आणि ती दोन्हीकडे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखी करायची, संदर्भ-जीनोमशी शंभर टक्के जुळवून. आधीचा-नंतरचा मजकूरही त्यात आला. प्रत कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे परंपरेने न ठरवता पेशींमधल्या मोजमापांवरून ठरवलं. यासाठी दोघांनाही आपापली माती उकरावी लागली. बीआरसीए१ ची रेफसेकमधली प्रत एनएम_००७२९४.३ होती ती .४ झाली, प्रथिन तेच, टोकं बदलली. एन्सेम्बलमध्ये तीच प्रत ईएनएसटी०००००३५७६५४.९. नावं दोन राहिली, पण आता त्यांच्यात बरोबरीचं चिन्ह टाकता येतं. पहिल्या पूर्ण आवृत्तीत ९७ टक्के जनुकं आली. हे काम किती कंटाळवाणं असेल याची मला कल्पना आहे, आणि म्हणून त्याबद्दल मनापासून आदर आहे. दोन संस्था, दोन खंड, एकोणीस हजारांवर जनुकं, आणि कुणाचाही अहंकार मध्ये न येता पार पडलेली गोष्ट आपल्याकडे, किंवा कुठेही, किती वेळा दिसते?

(आवृत्तीचा तो .४ कृपा करून जपा. डेटाबेस जोडताना जमत नाही म्हणून टिंबापासून पुढचं कापून टाकणारे लोक मी पाहिलेत.)

*

आता तक्रार. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही अशा वेळी भांडारकर संस्थेची आठवण येणारच. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, १९१९ ते १९६६. बाराशेहून जास्त हस्तलिखितं, विष्णू सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त. त्या पानाची मांडणी पाहा. वर स्वीकारलेला पाठ. खाली, बारीक टाइपात, नाकारलेला प्रत्येक पाठ, कुठल्या पोथीत काय आहे त्यासह. आणि वर, स्वीकारलेल्या पाठातसुद्धा, जिथे संपादकाला पुरती खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. संपादक म्हणतोय, मी हे निवडलंय, पण इथे माझा हात थोडा थरथरला.

मेनकडे खालची टीप आहे. ते मान्य केलं पाहिजे. न निवडलेल्या ट्रान्सक्रिप्ट कुणी पुसलेल्या नाहीत. त्याच फाईलीत, त्याच जनुकाखाली, त्या सगळ्या आहेत. नाहीये ती नागमोडी रेघ. एकोणीस हजारांवर जनुकांना तोच टॅग, त्याच अक्षरांत. ज्या जनुकाला मुळात एकच प्रत आहे त्यालाही, आणि ज्याच्यावर दोन्ही घरांत वाद झाला असेल त्यालाही. निवडीचे निकष निबंधात आहेत: कुठली प्रत पेशींमध्ये जास्त दिसते, कुठली उत्क्रांतीत टिकली, कुठल्या प्रथिनाची लांबी जास्त, दवाखान्यात आधीपासून कुठली वापरात आहे. रेफसेकच्या मूळ नोंदीत त्यातले कुठले निकष लागले त्यांची नावंही एका ओळीत असतात. पण 'टिकून राहणं, प्रमाण, सर्वांत लांब प्रथिन' ही शीर्षकं झाली. या जनुकात टिकण्याचा निकष एका प्रतीकडे आणि प्रमाणाचा दुसरीकडे गेला असेल, तर कोण जिंकलं आणि का? सीसीडीएसच्या टिपा निदान काही ठिकाणी हे सांगायच्या. आणि जीटीएफमध्ये तर ती शीर्षकंही येत नाहीत. फक्त टॅग.

महाभारताची तुलना एका जागी मोडते, आणि तिथेच माझा मुद्दा जास्त धारदार होतो. पोथ्यांमधले पाठभेद नकलनवीसांचे. मागे कुठेतरी एक जुना पाठ असावा असं मानून संपादक तिकडे जायचा प्रयत्न करतो. जनुकाच्या प्रतींमागे असा मूळ पाठ नाही. एकाच पेशीतून दोन प्रती निघतात, दोन्ही अस्सल, दोन्ही कामाच्या. त्यातली एक निवडणं हा शोध नाही, ठराव आहे. ठराव करावेच लागतात. रेल्वेचं वेळापत्रकही ठरावच. पण ठरावाला कारण जोडायचं असतं.

उदाहरण घ्या सीडीकेएन२ए या जनुकाचं. त्वचेच्या मेलॅनोमाचा आनुवंशिक धोका तपासताना हे बघतात. यातून दोन प्रथिनं निघतात, पी१६ आणि पी१४एआरएफ. दोघांचा दुसरा एक्सॉन तोच, पण तो वाचायला सुरुवात वेगळ्या अक्षरापासून होते, त्यामुळे तीच अक्षरं दोघांत पूर्ण वेगळं काहीतरी सांगतात. एकाच ओळीवर दोन वृत्तं चालावीत तसं. दोन्ही प्रथिनं ट्यूमर रोखणारी. दुसऱ्या एक्सॉनमधला एखादा बदल एका वाचनात निरुपद्रवी असू शकतो आणि दुसऱ्यात नाही. मेन सिलेक्टचा टॅग पी१६ च्या प्रतीला. दुसरीसाठी मेनने वेगळा टॅग ठेवलाय, मेन प्लस क्लिनिकल: निवडलेल्या एका प्रतीवर ठाऊक असलेले सगळे रोगकारक बदल मांडता येत नसतील, तर जादा प्रत. पहिल्या पूर्ण आवृत्तीत अशा प्रती साठाच्याही आत होत्या.

हा उपाय प्रामाणिक आहे, पण 'ठाऊक असलेले' या शब्दांवर थांबा. जादा प्रत तेव्हाच मिळते जेव्हा तिच्यावरचा रोगकारक बदल कुणीतरी आधी नोंदवलेला असतो. नोंदी तिथून येतात जिथे तपासण्या होतात, आणि त्या आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या झाल्यात. शिवाय ज्या जीआरसीएच३८ जीनोमशी शंभर टक्के जुळायची अट आहे, त्याचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका निनावी दात्याचा. मी इथे वंशवादाचा आरोप करत नाहीये. जे हाताशी होतं त्यावर काम झालं. पण जीनोमइंडिया प्रकल्पात आपल्याकडच्या १० हजार लोकांचे जीनोम वाचले गेलेत, आणि ते वाचायला वापरायच्या खुणा याच. एखाद्या समाजात नेहमी दिसणारा बदल सिलेक्ट नसलेल्या प्रतीत पडत असेल, तर तो गाळणीतून खाली जाईल आणि मग नोंदही होणार नाही. नोंद नाही म्हणून जादा प्रत नाही.

गाळणी हा शब्द मी शोभेसाठी वापरला नाही. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे रिपोर्टच्या पाइपलाइनची पहिलीच पायरी होती: मेन सिलेक्ट नसलेल्या सगळ्या ओळी काढून टाका. प्लस क्लिनिकलसुद्धा. फाईल झटकन लहान व्हायची, क्लाउडचं बिल कमी यायचं. मी मीटिंगमध्ये सीडीकेएन२ए काढलं तर उत्तर मिळालं, "पण हेच स्टँडर्ड आहे ना?" मेनच्या संपादकांनी कुठेही म्हटलेलं नाही की बाकीचं फेकून द्या. त्यांनी म्हटलंय, रिपोर्ट लिहायला ही प्रत वापरा म्हणजे सगळ्यांचे क्रमांक जुळतील. पण नवव्या रकान्यातून कारण पुढे जात नाही, टॅग जातो. आणि कारण नसलेला टॅग पुढच्या माणसाच्या हातात सत्य होतो. तीन मीटिंगांनंतर मी तो विषय काढणं सोडलं, सहा महिन्यांनी नोकरी.

प्रमाण आणि साधन यांत साधन जिंकतं, हे या क्षेत्रात नवं नाही. मार्च१ आणि सेप्ट१ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजायचं आणि बदलून टाकायचं. निबंधांसोबतच्या कितीतरी याद्या त्याने नासल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल जागच्या जागी राहिलं.

*

संपादकांना नागमोडी रेघ ओढता येत नाही असं मात्र नाही. पेशीतल्या रायबोसोमची हालचाल मोजणाऱ्या प्रयोगांमध्ये गेल्या काही वर्षांत हजारो छोट्या जागा सापडल्या, जिथे काहीतरी वाचलं जातंय पण टिकाऊ प्रथिन बनतंय का हे ठरलेलं नाही. उत्साही मंडळी त्यांना नवी जनुकं म्हणायला निघाली होती. २०२२ मध्ये जेनकोडच्या लोकांनी इतर अनेकांना बरोबर घेऊन अशा ७,२६४ जागांची वेगळी यादी केली. प्रथिन बनवणारं जनुक म्हटलं नाही, फेकूनही दिलं नाही. इथे वाचन होतं, अर्थ अजून ठरलेला नाही, एवढंच लिहिलं. मला हे मेनपेक्षाही चांगलं संपादन वाटतं.

हीच नजर मेनच्या आत हवी. प्रत्येक जनुकासाठी दोन ओळी: दुसरी दावेदार प्रत कुठली होती आणि ती का नाही. जिथे दावेदारच नव्हता तिथे तेवढंच. नवव्या रकान्यात जागा आहे. की आणि व्हॅल्यूची आणखी एक जोडी बसते, पार्सर मोडत नाही, मी करून बघितलंय. आताच्या टीममध्ये हे बोलले तेव्हा पहिला प्रश्न आला की फाईल किती फुगेल. एकोणीस हजार जनुकं, प्रत्येकी दोन ओळी. मामाने परवा ग्रुपवर टाकलेला लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा होता.